सातव्या मजल्यावर भरतीचं पाणी

आमच्या हॉलमध्ये पहिल्यांदा पाणी शिरलं ते एका मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास. उलव्यातला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, बाहेर कडक ऊन, आणि त्या दिवशी तर नळालासुद्धा पाणी नव्हतं. बाबा सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते. लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. मी समोर खुर्चीत बसून नववीच्या भूगोलाचे पेपर तपासत होते.

"पाय वर घे," ते म्हणाले. "पानी आलं."

"कुठे?"

"घरान."

मी खाली पाहिलं. फरशी कोरडी ठणठणीत. "बाबा, आपण सातव्या मजल्यावर राहतो," मी म्हटलं.

त्यांनी यावर जरा विचार केला आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "मंग बग ना, कवरं पानी आलं असंल."

सव्वीस वर्षं मी सीवूड्सच्या एका शाळेत भूगोल शिकवतेय. गृहपाठ न करण्याची नाना कारणं ऐकलीत, पण असा बिनतोड मुद्दा माझ्यासमोर कुणी मांडला नव्हता. मला राग आला. मला तो लवकर येतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी पाय खालीच ठेवले, मुद्दाम, आणि पुढचा पेपर घेतला. बाबा माझ्या पायांकडे बघत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी सोफ्यावरची उशी माझ्या पायांच्या दिशेने टाकली, धरायला काहीतरी असावं म्हणून.

बाबांची ओळख करून द्यायला हवी. नवी मुंबईचा विमानतळ झाला त्या जागेवर पूर्वी जी गावं होती त्यांतलं एक आमचं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेती, मध्ये मातीचा बांध. बांधाला एक लाकडी दार होतं, त्याला उघाडी म्हणत. भरतीचं खारं पाणी चढू लागलं की उघाडी बंद करायची, नाहीतर शेतं खारी होऊन जातात. ओहोटी लागली की उघडायची, म्हणजे शेतातलं जास्तीचं पाणी खाडीत उतरतं. ही उघाडी सांभाळायचं काम गावाने बाबांना दिलं होतं, त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांना. मोबदला म्हणजे उतरत्या पाण्याबरोबर उघाडीत येणारी कोलंबी, चिंबोरी आणि नशीब असेल तर जिताडा. चाळीसएक वर्षं त्यांनी हे काम केलं. या काळात बांधाला एकदाही खांड गेली नाही, म्हणजे बांध फुटला नाही, याचा त्यांना एवढा अभिमान होता की माझा पहिला नंबर आला तेव्हासुद्धा ते आधी बांधाबद्दल बोलले आणि मग माझ्याबद्दल.

मग गाव उठलं. आम्ही उलव्यात आलो. आई दोन वर्षांत गेली. मी लग्न केलेलं नाही, त्याची गोष्ट वेगळी आहे आणि कंटाळवाणी आहे, त्यामुळे बाबा आणि मी असे दोघंच उरलो. धाकटा भाऊ खारघरला राहतो, त्याला दोन लहान मुलं आहेत. बाबा विसरायला लागले ते आधी चष्मा, मग जेवलो की नाही ते, मग आई गेली ते. डॉक्टरांनी डिमेन्शिया हा शब्द सांगितला आणि मला समजावलं की यांची वस्तुस्थितीची जाणीव हळूहळू बदलत जाईल. "त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांच्या जगात जा," असं ते म्हणाले. त्यांच्या जगात जायला गमबूट लागतात, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

त्या मंगळवारनंतर पाणी रोज यायला लागलं. दिवसातून दोनदा. रात्रीची खेप गोळीमुळे झोपेत निघून जायची, दिवसाची मात्र आमच्या डोक्यावर. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ते रोज थोडं उशिरा येतंय. मी मोबाईलवर भरतीच्या वेळा काढल्या आणि बघतच राहिले. बाबांचं पाणी आणि खाडीचं पाणी पंधरा-वीस मिनिटांच्या फरकाने एकत्र चालत होतं. ज्या माणसाला सकाळी दात घासले की नाही हे सांगता येत नव्हतं, त्याला आज पाणी किती वाजता भरणार ते बरोबर ठाऊक होतं.

"कसं कळतं तुम्हाला?" मी विचारलं.

"तिथीची पाऊनपट कर."

हे गणित लहानपणी ऐकलं होतं, मी विसरून गेले होते. आज कुठली तिथी ते बघायचं, त्या आकड्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. मला वाटलं, भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये बघून ठेवत असतील. मी कॅलेंडर काढून कपाटात टाकलं. काही फरक पडला नाही. बाल्कनीतून दिसणाऱ्या चंद्रावर चालत असेल, किंवा आणखी कशावर, मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्या पुस्तकात भरती का येते ते दिलं आहे, आकृतीसकट. आमच्याकडे कधी येते, ते दिलेलं नाही.

पुढचा टप्पा दाराचा. नुसतं पाय वर घेऊन बसणं हे इतरांचं काम, उघाडीवाल्याचं नाही. भरतीच्या तास-दीड तास आधी बाबा उठून फ्लॅटचं दार लावायचे, कडी घालायचे आणि समोर स्टूल टाकून बसायचे. पाणी उतरायला लागलं की उघडायचे. मधल्या तीन तासांत आत कुणी येणार नाही, बाहेर कुणी जाणार नाही. दाराखालच्या फटीत आधी टॉवेल गेले, मग माझ्या दोन साड्या. तेवढ्यावर त्यांचं समाधान होईना.

"चिखल आन," ते मला म्हणायचे. "पेंढा घालून आन. कापरानं काय पानी थांबतं?"

सातव्या मजल्यावर चिखल कुठून आणणार? घरी काम करणाऱ्या मावशी, ज्या मी शाळेत असताना बाबांपाशी बसत, त्या माझ्यापेक्षा शहाण्या निघाल्या. त्यांनी पोळ्यांची कणीक पुढे केली. बाबांनी गोळा हातात घेऊन दाबला, वास घेतला आणि मान हलवली. माती हलकी होती पण चालण्यासारखी होती. मग रोज सकाळी दोन गोळे मळले जाऊ लागले, एक पोळ्यांचा आणि एक दाराचा. बाबा गुडघ्यावर बसून अंगठ्याने फट अशी काही लिंपायचे की बघत राहावं. हात जराही चुकायचे नाहीत. भात कालवताना कापणारे तेच हात. चौथ्या दिवशी मुंग्या आल्या. बाबा म्हणाले, मुंगी चरते म्हनजे बांध सुका हाय, काम चांगलं झालं.

मी बाहेर लोकांशी जे बोलू लागले ते ऐकून मलाच धक्का बसायचा. दातांच्या डॉक्टरकडून फोन आला, उद्या चार वाजता या. मी म्हटलं, "चारला नाही जमणार, भरती आहे." एकदा सीवूड्सच्या मॉलमध्ये चादरी घ्यायला गेले होते. बिलाच्या रांगेत माझं सारखं घड्याळाकडे लक्ष, सप्तमी, सव्वापाच, दार लागायच्या आत पोचायचं. मी काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, "जरा लवकर करा हो, पाणी चढतंय." तिने वर छताकडे पाहिलं, मग खाली, आणि फोन उचलून कुणाला तरी सांगितलं. दोन मिनिटांत एक माणूस आला आणि माझ्या पायांशी ओल्या फरशीचा पिवळा बोर्ड ठेवून गेला. मी निघाले तेव्हा लोक त्या कोरड्या जागेला वळसा घालून जात होते.

विमानांचं मात्र त्यांना नीट समजायचं. विमान आहे हे कळायचं, आवाजाचा त्रास व्हायचा नाही. फक्त ते चुकीच्या ठिकाणी उतरतंय, असं त्यांचं म्हणणं होतं. "आमच्या शेतान उतरतंय ते," बाल्कनीत उभं राहून ते सांगायचे. "चिखलान रुतंल." आणि शेत तिथेच होतं, हे खरंच की. त्यांच्या बोलण्यातला अर्धा भाग असा असायचा की तपासायला जावं तर खरा निघायचा. त्याने तर मी जास्त वैतागायचे. सगळंच खोटं असतं तर माणूस हसून मोकळा होतो.

यात माझी जागा कुठली, हे मला एका संध्याकाळी समजलं. मी चष्मा लावून टेबलापाशी बसले होते, समोर फाइल, हातात लाल पेन. बाबा आले, थोडे लांबच उभे राहिले आणि हात जोडले.

"मॅडम, मोजनी झाली का?"

"काय?"

"आमच्या जागेची मोजनी. सायबांनी तुमाला पाठवलं ना?" मग घाईने, "मी सई नाय करनार. आदीच सांगतो. चा घ्या, बसा, पन सई नाय." आणि त्यांनी उजव्या हाताचा अंगठा मुठीत लपवला, कुणी तो धरून कागदावर उठवू नये म्हणून.

मला हसू आलं, मग ते विरलं. मी म्हटलं, "बाबा, मी आहे. तुमची मुलगी."

त्यांनी मला नीट पाहिलं. ओशाळल्यासारखं हसले. "माजी पोर शालेन मास्तरीन हाय. तिचे केस लांब हान." माझे केस दहा वर्षांपूर्वी कापले होते. त्यानंतर मी घरात मॅडमच झाले. मॅडमला उत्तम वागणूक मिळायची. मॅडमला पंख्याखालची खुर्ची, मॅडमला कपबशीतून चहा. मुलीला त्यांनी आयुष्यात कधी खुर्ची दिली नव्हती. पण मॅडम खोलीत असेपर्यंत अंगठा मुठीत असायचा. अंघोळ घालतानासुद्धा मूठ उघडत नसत. मी साबण लावून एकेक बोट सोडवायचे आणि मनातल्या मनात खूप रडायचे. कधी मनातल्या मनात नाही.

कारण मॅडम कोण, हे मला चांगलं ठाऊक होतं. गाव उठायच्या वेळी शेवटपर्यंत सही न करणाऱ्यांत बाबा होते. ऑफिसातले लोक येऊन गेले, गावातले शहाणे येऊन गेले. शेवटी मी शाळेतून रजा काढून गेले, ओटीवर त्यांच्यासमोर कागद ठेवला आणि म्हटलं, "करा सही बाबा. मी सांगतेय ना." त्यांनी फक्त एक विचारलं, "मंग उघारी कोन बगंल?" मी म्हटलं, "सरकार बघेल." त्यांनी सही केली, एकेक अक्षर सावकाश. मला घाई होती, मला परत जाऊन सहामाहीचे पेपर काढायचे होते. ती उघाडी नंतर भरावाखाली गेली. कुणालाच बघायची गरज उरली नाही.

दसऱ्याच्या आसपास लिफ्टचं प्रकरण झालं. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी राहतात. साताऱ्याकडचे, निवृत्त, केसांना काळा कुळकुळीत रंग, शिस्तीचे. आमच्या दाराची कणीक, मुंग्या, बंद दारामागून येणारे बाबांचे इशारे, या सगळ्याविरुद्ध त्यांनी रीतसर अर्ज लिहिला होता आणि तो सोसायटीच्या ऑफिसात द्यायला निघाले होते, हे मला मागाहून समजलं. त्या दिवशी बाबा माझ्या नकळत बाहेर पडले होते आणि लिफ्टसमोर उभे होते. लिफ्टचं दार आपोआप उघडतं, आपोआप मिटतं. उघाडीच ती, आणि सांभाळणारा माणूस नाही.

"आत पाय घालू नको," बाबांनी सेक्रेटरींचा दंड धरला. "पानी खाली खेचंल तुला."

"अहो, खालीच जायचंय मला," सेक्रेटरी म्हणाले, दंड सोडवून आत शिरले, आणि दार मिटलं.

बाबांनी जो आरडाओरडा केला तो तळमजल्याच्या वॉचमनपर्यंत गेला. "मानूस गेला! उघारीन मानूस गेला! दोर आना!" मजल्यावरची चारही दारं उघडली. मावशी खरोखरच कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी घेऊन धावल्या. आता त्यांचं काय चुकलं, दोर मागितला तर त्यांनी दोर आणला. बाबा लिफ्टच्या मिटलेल्या दारासमोर पालथे पडून फटीतून हाका मारत होते. मी त्यांना उठवायला ओढतेय, ते मला ओढतायत, मला सांगतायत, मॅडम, तुमी बाजूला व्हा, तुमाला पोवता येत नाय.

एवढ्यात लिफ्ट परत वर आली. सेक्रेटरी मोबाईल घरीच विसरले होते. दार उघडलं, आणि बाबांनी त्यांना मिठीच मारली.

"आला! वर आला!" बाबा रडत होते. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने सेक्रेटरींचं डोकं खसाखसा पुसलं. टॉवेल काळा झाला. "पानी गिललंस काय रे?"

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं, उघड्या दारांत उभ्या असलेल्या लोकांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं. मग ते म्हणाले, "नाही. फारसं नाही."

त्यांना आमच्याकडे बसवून चहा पाजण्यात आला, अंगावर माझी शाल घालून. अर्ज त्यांच्या खिशातच राहिला. त्यानंतर ते बाहेर जायच्या आधी इंटरकॉमवर विचारायचे, "आज पाणी किती वाजता?" हे चेष्टेने विचारतात की खरंच, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं, असं वाटतं.

पण कुणीतरी या सगळ्याचा व्हिडिओ काढला होता. तो सोसायटीच्या ग्रुपवरून फिरत फिरत खारघरला पोचला. त्याच रविवारी भाऊ आला, येताना फॉर्म घेऊन. पनवेलला अशा रुग्णांसाठी एक निवासी केंद्र आहे, तिथे बेड रिकामा झाला होता. त्याने बाबांसाठी तो धरून ठेवायला सांगितला होता, पुढच्या रविवारपर्यंत.

"ताई, मी तुला दोष देत नाही," तो म्हणाला. "पण तू स्वतःला बघ. आरशात बघ एकदा."

मी फॉर्म फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावला. आठवडाभर दूध काढताना तो समोर यायचा. पहिले तीन दिवस मला खात्री होती की मी नाही म्हणणार. चौथ्या दिवशी, गुरुवारी, माझं डोकं फिरलं. शाळेतून फोन आला होता की मी वारंवार वेळेआधी निघते, आणि इकडे बाबांनी दार लिंपून मला आतच अडकवलं होतं. मी ओरडले. "कुठे आहे पाणी? दाखवा मला! हे बघा, पाणी म्हणजे असं असतं!" आणि बाथरूममधली भरलेली बादली आणून हॉलमध्ये ओतली. सगळीकडे पाणीच पाणी. सोफ्याखाली, टीव्हीखाली, पेपरांच्या गठ्ठ्याखाली.

बाबा स्टुलावरून वाकले. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं.

"हे गोडं पानी," ते शांतपणे म्हणाले. "याची भीती नाय, मॅडम. याच्यानं शेत मरत नाय."

मी दोन तास फरशी पुसत होते. ते मला सांगत होते कुठे राहिलंय. त्या दिवशी मला वाटलं, जाऊ देत यांना पनवेलला. नुसतं वाटलं नाही, मी मनाशी ठरवलं. हे लिहायला लाज वाटते पण ते खरं आहे: ठरवल्यावर मला बरं वाटलं. मी त्या रात्री शांत झोपले.

रविवारी नवमी होती. नवाची पाऊणपट पावणेसात. भाऊ संध्याकाळी सातला फॉर्म घ्यायला येणार होता. मी सगळा भरून ठेवला, औषधं, सवयी, ॲलर्जी. सवयींच्या रकान्यात जागा कमी होती, मी "दार लावतात" एवढंच लिहिलं. शेवटी एक ओळ उरली, राहणाऱ्या व्यक्तीची सही किंवा अंगठा, शक्य असल्यास. मी भावाला फोन केला, हे सोडून देऊ का? तो म्हणाला, "घेऊन टाक ना. तुझंच ऐकतात ते. तेव्हा पण तूच घेतली होतीस."

त्याच्या मनात काही नव्हतं, पण मला ते लागलं. मी फॉर्म, पेन आणि शाईचा डबा घेऊन हॉलमध्ये गेले. साडेपाच वाजले होते. बाबांनी नुकतंच दार लावलं होतं आणि कणकेचा गोळा मळून हाताशी ठेवला होता. मला बघून ते उठले.

"बसा मॅडम."

मी बसले. कागद मांडीवर ठेवला. "बाबा, एक सही हवी होती."

अंगठा मुठीत गेला. पण या वेळी ते चिडले नाहीत. स्टूल माझ्याकडे सरकवून समोर बसले आणि कुणी ऐकत नाही ना हे बघून खालच्या आवाजात बोलले.

"मॅडम, तुमी चांगल्या दिसता. तुमाला खरं सांगतो. मना आता काय कलत नाय. आज कनचा वार, मी जेवलो का, कायच नाय. कागद त आदीच कलत नवता. पन माजी पोर हाय. शिकलेली हाय. आदी तिला इचारा. ती बोलली कर, त मी डोले झाकून सई करीन. मागं बी तिनं सांगितली तवा केली."

"मग?" मी विचारलं. "मग काय झालं?"

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले.

"काय नाय," ते म्हणाले. "ती बोलली म्हनजे बराबरच असंल. ती मना फसवनार नाय."

बाहेर एक विमान उतरत होतं, आमच्या शेतात. मग मी शाईचा डबा बंद केला आणि फॉर्मची आधी एकदा, मग आणखी एकदा घडी घातली.

"मी तिला विचारून आले," मी म्हटलं.

"काय बोलली?"

"नको म्हणाली. कुठे सही करू नका म्हणाली."

बाबांची मूठ उघडली. त्यांनी मोठा श्वास सोडला आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं, मॅडमच्या गुडघ्यावर त्यांनी आजवर कधी हात ठेवला नव्हता. मग लगबगीने दाराशी जाऊन बसले आणि फट लिंपायला घेतली. कणीक संपली तशी त्यांनी मागे न बघता हात पुढे केला. मी फॉर्मची घडी त्या हातावर ठेवली. त्यांनी ती चाचपली, आणखी दोनदा दुमडली आणि कोपऱ्यातल्या शेवटच्या भोकात ठासून बसवली. वरून अंगठा फिरवला.

सातला बेल वाजली. मग परत वाजली. "ताई!" भावाने बाहेरून हाक मारली. "ताई, दार उघड!"

मी उठायला लागले. बाबांनी हाताने थांबवलं.

"वाजू द्या. पानी हाय ते, धरका मारतंच." आणि मग माझ्याकडे काळजीने बघून म्हणाले, "तुमी आत ऱ्हायल्या, मॅडम. आता पानी उतरंपरत हितंच बसावं लागंल. चालंल ना?"

"चालेल," मी म्हटलं, आणि पाय वर घेऊन बसले.